हात नाही, पण हाताचा हुकूम आहे

सध्या एक व्हिडिओ पुन्हा फिरतोय. मानेखालचं शरीर हलत नाही असा एक अमेरिकन तरुण खुर्चीत बसून लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळतोय. हात मांडीवर तसेच पडलेले. खाली कुणीतरी मराठीत ओळ चिकटवलीय, "आता तुमच्या मनातलंही वाचणार, सावधान!" आमच्या दांडीच्या ग्रुपवर तो गेल्या आठवड्यात तीन जणांनी टाकला. एकानं लिहिलं, बायकोच्या हाती लागू देऊ नका. त्यावर चाळीस हसरे चेहरे.

(दांडी म्हणजे आमची, बोईसरच्या पश्चिमेला समुद्रावरची, उच्छेळी-दांडीतली. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजरातेत. हे दर वेळी सांगावं लागतं.)

व्हिडिओ खरा आहे. २०२४ च्या जानेवारीत न्यूरालिंक कंपनीनं त्या तरुणाच्या मेंदूत चिप बसवली. पण खालची ओळ चूक आहे. ती चिप मनातलं वाचत नाही. त्याला सासूबद्दल काय वाटतं, तो कुणाला मत देणार, यातलं काही तिला कळत नाही. हात कुठे न्यायचा म्हणून त्याच्या मेंदूनं जो हुकूम सोडला, तेवढा तिला कळतो. मनातलं वाचणं वेगळं आणि हाताचा हुकूम वाचणं वेगळं. हा फरक मला सांगावासा वाटतोय, कारण आमच्या घरात एक हात गेलेला आहे आणि त्याचा हुकूम अजून गेलेला नाही.

मी तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. सेन्सर, सिग्नल, नॉइज हेच रोजचं काम. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. तेव्हा जेवढं नीट समजलंय तेवढंच लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

डोक्याला हेडफोन लावला की त्याची पट्टी जिथून जाते, साधारण त्याखाली मेंदूचा एक पट्टा आहे. मोटर कॉर्टेक्स. शरीर हलवायचे हुकूम मुख्यतः इथून सुटतात. उजव्या हाताचे डाव्या बाजूनं, डाव्या हाताचे उजव्या बाजूनं. आता प्रश्न असा की एवढ्या पेशींमधून "हात वर ने" हा हुकूम शोधायचा कसा? १९८२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अपोस्टोलोस जॉर्गोपोलस नावाच्या ग्रीक शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. मधे एक दिवा, भोवती गोलात आठ दिवे. जो पेटेल तिकडे माकडानं हात न्यायचा. तेव्हा दिसलं की प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते. हात त्या दिशेला निघाला की ती सगळ्यात जोरात कडाडते, शेजारच्या दिशेला जरा कमी, उलट दिशेला जवळपास गप्प. पण एकटी पेशी काही ठरवत नाही. बऱ्याच पेशी एकत्र धरून प्रत्येकीचा जोर तिच्या दिशेनं मांडला आणि बेरीज केली की हात कुठे जाणार ते कळतं. १९८६ मध्ये त्यांनी हे हिशोबासकट दाखवलं.

आमच्याकडच्या माणसाला हे पटकन समजेल. पावसाळ्याआधी होडी वाळूवर ओढताना तीस-चाळीस जण दोराला लागायचे (आता ट्रॅक्टर आलेत). कुणी डावीकडे खेचतोय, कुणी उजवीकडे, एखादा नुसताच ओरडतोय. एकट्याकडे बघून होडी कुठे सरकेल ते सांगता येत नाही. सगळ्यांचा जोर एकत्र धरला की होडी नेमकी कुठे जाणार ते कळतं. मेंदूत हेच आहे. फक्त तिथे आरडाओरड विजेची.

आणि गंमत म्हणजे हा जोर हात हलायच्या आधीच लागायला सुरुवात होते. सेकंदाचा लहानसा भाग का होईना, पण आधी. हात नंतर निघतो. म्हणजे हुकूम आणि हालचाल या दोन गोष्टी आहेत, आणि मधली वायर तुटली तरी हुकूम सुटू शकतो.

हे माणसात खरं आहे का, ते २००४ मध्ये कळलं. चाकूहल्ल्यात मणका निकामी झालेल्या एका तरुणाच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडची, शेंगदाण्याहून लहान चिप बसवली. ब्रेनगेट नावाचा प्रकल्प. तीन वर्षं त्याचा हात हललेला नव्हता. त्याला सांगितलं, हात हलवायचा विचार कर. आणि त्या पेशी कडाडल्या. पडद्यावरचा ठिपका सरकला, त्यानं ई-मेल उघडला, टीव्ही लावला. २०११ मध्ये मेंदूच्या झटक्यानं जवळपास १५ वर्षं पडून असलेल्या एका बाईनं असाच हुकूम सोडून यंत्राच्या हातानं कॉफीची बाटली तोंडाशी आणली आणि स्ट्रॉनं प्यायली. कुणी न भरवता पहिल्यांदा. त्याचाही व्हिडिओ आहे, कॉफी प्यायल्यावरचा तिचा चेहरा बघा. तो मात्र आपल्या ग्रुपवर कुणी टाकत नाही. त्यात सावधान म्हणण्यासारखं काही नाही ना.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २०२१ चा. स्टॅनफर्डमधल्या कृष्णा शेणॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. (शेणॉय २०२३ मध्ये गेले, ५४ व्या वर्षी. फार लवकर गेले.) २००७ पासून हातपाय निकामी असलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, कागदावर पेननं लिहितोयस असं समज, एकेक अक्षर गिरव. तो मनातल्या मनात हात चालवत गेला आणि कॉम्प्युटरनं त्या हुकुमांवरून अक्षरं ओळखली. मिनिटाला ९० अक्षरं. त्याच्या वयाची माणसं मोबाईलवर बोटांनी साधारण तेवढीच टाइप करतात. दहा-बारा वर्षं ज्या हातानं पेन धरलं नाही, त्या हाताचं वळण मेंदूत शाबूत होतं. इंग्रजीची २६ अक्षरं होती ती. आपली जोडाक्षरं, वेलांट्या आणि वरची रेघ आल्यावर त्या कॉम्प्युटरचं काय होईल हा विचार मनात येऊन हसू आलं.

आता आमच्या घरातल्या हाताबद्दल.

माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही सगळे दादा म्हणतो. त्याचे वडील तांडेल. दादा लहानपणापासून जाळी विणायचा, त्याच्या बोटांना बघावं लागत नव्हतं, गप्पा मारता मारता विणायचा. पण मासळीचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. खर्च निघेना म्हणून तो एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला. कापडाचा कारखाना. २०२१ मध्ये रोलरमध्ये उजवा हात गेला, मनगटाच्या जरा वरून. रोलरला जाळी होती. ती काढून ठेवली होती, कारण जाळी असली की गुंतलेलं कापड सोडवायला वेळ लागतो. कारखान्याचं नाव इथे घेत नाही, केस चालू आहे.

एमआयडीसीत स्फोट झाला की बातमी होते. २०२० च्या जानेवारीत झाला, ८ जण गेले, चॅनेलच्या गाड्या आल्या. हात गेला तर बातमी होत नाही. बोट गेलं तर शिफ्टसुद्धा बंद होत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी दादा म्हणाला, मूठ उघडत नाही. कुठली मूठ? उजवी. नसलेली. म्हणाला, हात आवळलेला आहे, नखं तळव्यात रुततायत, उघडतच नाही. रात्रभर घाम. मावशी देवाला गाऱ्हाणं घालून आली. एका डॉक्टरनं (नाव नको) सांगितलं, मनाचे खेळ आहेत, कामात लक्ष घाल. काम कुठल्या हातानं करायचं ते सांगितलं नाही.

मनाचे खेळ नाहीत ते. हात तुटलेल्या बहुतेक माणसांना गेलेला हात जाणवत राहतो. पुष्कळांना तो दुखतो, आणि काहींना तो हलवताही येतो. इंग्रजीत याला फँटम लिंब म्हणतात, भुताचा हात म्हणा हवं तर. मेंदू हुकूम सोडतोच आहे, "मूठ उघड". पलीकडून पोचपावती येत नाही. म्हणून तो आणखी जोरात सोडतो. चेन्नईत डॉक्टर झालेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर फार साधी युक्ती काढली. खोक्यात उभा आरसा. चांगला हात आरशासमोर ठेवायचा, तुटलेला मागे लपवायचा. आरशात बघितलं की दोन हात दिसतात. मग दोन्ही मुठी एकदम उघडायच्या. डोळ्यांना उघडलेली मूठ दिसते आणि मेंदूला पावती मिळते. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. पण खर्च काय? बोईसरच्या बाजारातला आरसा आणि टीव्हीचं खोकं. मी ते घरी बनवलं. दोनेक आठवड्यांनी दादा म्हणाला, आज उघडली. दुखणं पूर्ण गेलं नाही, थंडीत अजून येतं. पण झोप लागते.

तेव्हापासून मी हे सगळं वाचायला लागलो.

आता कायद्याकडे या. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय, पण दादाचा अपघात जुन्या काळातला.) त्याला एक परिशिष्ट आहे, ते एकदा वाचाच. अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली, १४. मधलं बोट १२. करंगळी ७. पंजा गेला, ६०. खांद्यातून हात गेला, ९०. हे टक्के कमावण्याच्या ताकदीचे. मग महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्यायचे, कायद्यात पगाराची मर्यादा १५,००० रुपये, त्याला वयाच्या गुणकानं गुणायचं. ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. आणि त्याचे परत ६० टक्के. दशांश चिन्हानंतर दोन आकडे! एवढा बारीक हिशोब, आणि मिळायचं काय, तर ठेकेदारानं कामगार म्हणून नोंदच केली नसेल तर आधी तू तिथे कामाला होतास हेच सिद्ध कर. दादाची चार वर्षं यात चालली आहेत. डावा हात आहे म्हणून तो सह्या करू शकतो, एवढंच.

या परिशिष्टाला मी नावं ठेवत नाही. काही नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरं आहे, आणि त्या टक्क्यांसाठी माणसं लढली आहेत. पण ते फक्त गेलेलं मोजतं. जे उरलंय त्याला त्यात रकाना नाही. दादाच्या कोपराखालचे स्नायू जिवंत आहेत. मेंदूनं "मूठ उघड" म्हटलं की ते आजही आखडतात, त्वचेवर हात ठेवला तर लागतात. म्हणजे त्याचा हुकूम मेंदूतून निघून कोपराच्या पुढपर्यंत पोचतो आहे. तो वाचायला मेंदूत चिप नको. त्वचेवर दोन इलेक्ट्रोड लावले तरी स्नायूंची वीज पकडता येते. असे हात मिळतात, स्नायूंच्या सिग्नलवर उघडणारे-मिटणारे. चांगल्या हाताची किंमत लाखांत. शिबिरात मिळतो तो प्लास्टिकचा, दिसायला हात. दादाचा तसला एक कपाटात आहे, लग्नाला लावतो.

म्हणून सांगतो, चिपचे व्हिडिओ बघून हात गेलेल्या माणसाला "तुला पण बसवतील" असं म्हणू नका. आमच्याकडे दोघं-तिघं येऊन म्हणून गेले. चिप मुख्यतः त्यांच्यासाठी आहे ज्यांची वायर वरच तुटली आहे, मणक्यात किंवा मेंदूच्या देठात. कवटी उघडावी लागते. आणि ती कायमची असते असंही नाही. २०१४ मध्ये ओहायोत एका तरुणाला चिप बसवली, तिच्या जोरावर तो स्वतःच्याच निकामी हातानं बाटली उचलायला लागला, कोपराखाली हाताला पट्टा लावून त्यातून स्नायूंना वीज द्यायचे. २०२१ मध्ये इन्फेक्शनमुळे ती काढावी लागली. सात वर्षं हात दिला आणि परत घेतला. अशा वेळी पुढे काय, नवीन चिपचा खर्च कुणाचा, कंपनी बुडाली तर दुरुस्ती कोण करणार? आपल्याकडे तर कृत्रिम हाताची बॅटरी गेली तरी वर्षभर हात पडून राहतो.

घाटकोपरची ती मुलगी आठवते? २०१४ चा जानेवारी, लोकल पकडताना फलाट आणि गाडी यांच्या फटीत पडली, दोन्ही हात गेले. मग फलाटाची उंची वाढवायचा विषय कोर्टात गाजला. तिला आधी यंत्राचे हात मिळाले होते. पण तिनं वाट पाहिली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये डॉ. निलेश सातभाई आणि त्यांच्या टीमनं मेंदू मृत झालेल्या एका दात्याचे हात तिला बसवले. मला त्यातली ही गोष्ट थक्क करते की साडेसहा वर्षं हात नव्हते, आणि नवे हात दुसऱ्याचे. तरी नसा महिन्याला साधारण दोन-तीन सेंटिमीटर या वेगानं वाढत बोटांपर्यंत गेल्या की हुकूम जुन्याच मेंदूतून येतो. पुण्याच्या एका विद्यार्थिनीला २०१७ मध्ये कोचीला असेच हात बसवले, पुढे तिनं त्याच हातांनी परीक्षेचे पेपर लिहिल्याच्या बातम्या होत्या. हुकुमानं इतकी वर्षं वाट बघितली. आपल्याला मात्र सहा महिन्यांत "आता याची सवय कर" असं सांगून मोकळं व्हायचं असतं.

आणि हे फक्त हात गेलेल्यांपुरतं नाही. आमच्या किनाऱ्यावर अर्धांगवायूची माणसं घरोघर आहेत. बीपीची गोळी बोटीवर कोण नेतो? झटक्यानंतर मेंदूचा एक भाग मरतो, पण शेजारचा भाग ते काम शिकू शकतो, त्यातही पहिले काही महिने फार मोलाचे. आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आशिष दत्ता यांच्या गटानं हाताला लावायचं एक यंत्र केलंय. डोक्यावर टोपी, कवटी उघडायची नाही. रुग्णानं बोटं उघडायचा खरंच प्रयत्न केला हे टोपीला कळलं तरच यंत्र बोटं उघडतं. नुसतं पडून राहिलं तर नाही. त्यामागचं शास्त्र तेच, हुकूम आणि पावती यांची गाठ त्याच क्षणी पडली पाहिजे.

टोपी आणि चिप यातला फरक मात्र ध्यानात ठेवा. बंदरावर मासळीचा लिलाव चालू आहे आणि तुम्ही भिंतीबाहेर उभे आहात. गलका वाढला, कमी झाला, एवढं कळतं. कुणी किती बोली लावली ते कळत नाही. टोपी म्हणजे भिंतीबाहेर. चिप म्हणजे आत, लोकांच्या मधे जाऊन बसणं. त्यामुळे टोपी घालून कुणी "मुलाची एकाग्रता मोजतो, हजार रुपये" म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

तरी सावधान म्हणणारे अगदीच खुळे नाहीत, हेही सांगतो. उद्या एखाद्या कारखान्यानं हेल्मेटमध्ये असले सेन्सर बसवले, "कामगाराला झोप येते का बघायला", तर? ती माहिती कुणाची? चिलीनं २०२१ मध्ये थेट राज्यघटनेत मेंदूच्या माहितीला संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका कंपनीला गोळा केलेला मेंदूचा डेटा पुसायला लावला. आपला २०२३ चा डेटा कायदा मेंदूची माहिती आणि मोबाईल नंबर यांत वेगळी वर्गवारीच करत नाही. रोलरची जाळी काढून ठेवणाऱ्यांच्या हाती हेल्मेट आलं तर ते काय करतील, हे मला कुणी सांगायला नको.

पण ती उद्याची भीती. आजची अडचण साधी आहे. पालघर जिल्हा होऊन दहा वर्षं उलटली, गंभीर रुग्ण अजून वलसाड, सिल्वासा नाहीतर मुंबईला पळवतात. हायवेला ट्रॅफिक लागली की देवाच्या हवाली. लकव्याच्या माणसाला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी सांगतात. दांडीहून बोईसरला रिक्षानं जाऊन-येऊन अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, सोबत माणूस लागतो त्याचीही. दुसऱ्या महिन्यात बंद. मग हात आकसून छातीशी चिकटतो आणि लोक म्हणतात, नशीब. मला मेंदूची चिप नको आहे. किनाऱ्यावरच्या एखाद्या उपकेंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसणारा फिजिओथेरपिस्ट आणि जिल्ह्यात कृत्रिम हातपाय दुरुस्त करणारं एक माणूस हवं आहे. ठेकेदाराच्या कामगारांची नोंद पहिल्या दिवशी झालेली हवी, कारण एमआयडीसीत पहिल्याच आठवड्यातही हात जातो. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर तसा अर्ज तयार केलाय. आतापर्यंत सह्या ११२. एक सही डाव्या हाताची आहे, जरा वाकडी, पण वाचता येते.

दादाला मंगळवारी हाजी अलीला नेतोय. तिथली पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे आणि आमच्या भागातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. स्नायूंचा सिग्नल किती मिळतो ते तपासून घ्यायचं आहे. गाडी करतोय, दोन जागा रिकाम्या आहेत. मुरबे, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर इनबॉक्स करा. अपंगत्वाचं कार्ड असेल तर ते, आधार, जुने रिपोर्ट सगळे सोबत घ्या. पहाटे पाचला निघायचं, नाहीतर केसपेपरच्या लाईनीतच दुपार होते.